माझ्या अंगावरची दोरी सोडा

‘बेटाले लोखंड लावायचं नाही. लेकराचे कपडे बेटावरच वाळवायचे. अन् काहून म्हणून इचारायचं नाही.’

खुशालरावांच्या घरात मूल बोलायला लागलं, की त्याला हे एका दमात शिकवतात. त्यांच्या मुलीला, रागिणीलाही शिकवलं होतं. तेव्हा ती एवढीशी होती आणि माझ्या बुडाशी मातीत खेळत होती. पहिल्या दोन गोष्टी तिनं मुकाट ऐकल्या. तिसरी ऐकली आणि लगेच म्हणाली, "काहून?" तिला चापट बसली.

ते बेट म्हणजे मी. हिवरखेडच्या शिवारात, खुशालरावांच्या मळ्यातल्या घरामागं उभा असलेला बांबू. या घरातले सगळे नियम माझ्या नावानं चालतात. मला मात्र आजवर कुणी काही विचारलं नाही. म्हणून आज न विचारताच बोलतोय.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी एका ओढ्याच्या काठावर झाला. खुशालरावांचे आजोबा जानराव त्या बाजूच्या बाजाराला बैलगाडीतून भाजी न्यायचे. त्यांची मुलं जगत नव्हती. कुणीतरी त्यांना सांगितलं, बांबू लाव, तो एकदा रुजला की पिढ्यान् पिढ्या हटत नाही. जानरावांनी माझा एक गड्डा उकरला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि वांग्यांच्या रिकाम्या टोपलीत घालून इथं आणला.

पुढच्या पावसाळ्यात मला नवे कोंब आले आणि त्यांच्या घरात मुलगा झाला. तो जगला. यात माझी काही करामत नव्हती. पण माणसांना श्रेय द्यायला कुणीतरी हवं असतं आणि मी जवळच उभा होतो. जानरावांच्या बायकोनं माझ्यापासून समोरच्या निंबापर्यंत दोरी बांधली आणि बाळाची झबली तिच्यावर वाळत घातली. लेकरू बांबूसारखं भराभर वाढू दे, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या सुनेनं ते पाहून तसंच केलं. सुनेच्या सुनेपर्यंत येता येता त्या मायेचा कायदा झाला.

आता माझ्या अंगाविषयी सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. पावसाळ्यात माझा कोंब जमिनीतून वर येतो तो अंगावर खोळ घालूनच येतो. त्या खोळीवर तपकिरी, बारीक आणि ताठ लव असते; इथली माणसं तिला कूस म्हणतात. कोवळ्या कोंबाला किड्यांनी, गुरांनी तोंड लावू नये म्हणून ती असते. आतलं कांड पक्कं झालं की खोळ सैल होते, वाळते आणि खाली गळते. आश्विनातलं ऊन तापलं, की हीच लव सुटून वाऱ्यावर उडते. डोळ्यांना धड दिसत नाही. कातडीत रुतली की खाज सुटते, लाल पुटकुळ्या येतात. डोळ्यांत गेली तर पाणी थांबत नाही.

सगळ्यांनाच असं होतं, असं मी म्हणत नाही. खुशालराव माझ्या गळलेल्या खोळींवर खुशाल बसून बिडी ओढतात, त्यांना काही होत नाही. त्यांची कातडी उन्हातान्हात राबून चामड्यासारखी झालेली. दोन महिन्यांच्या बाळाची कातडी तशी नसते. मला माझ्या लवेची लाज वाटत नाही. मांजराला नखं असतात, तशी मला लव आहे. पण मांजराला कुणी बाळाच्या पाळण्यात नेऊन झोपवत नाही.

या घराची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. यांचा भाजीपाल्याचा मळा. कारली, दोडकी मांडवावर चढवायची तर बांबू लागतात. खुशालराव ते दर वर्षी अकोटहून विकत आणतात. ट्रॅक्टर माझ्यासमोरूनच मळ्यात जातो. माझ्या पोटात जुने, वाळलेले बांबू एकमेकांत अडकून उभे असतात. त्यांना पडायलाही जागा नाही. नवे कोंब त्यांच्यामधून अंग चोरून वर येतात. एकदा ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काका, घरी एवढं बेट असून विकत काहून आणता?" खुशालराव म्हणाले, "हे घरचं हाये." त्या उत्तरानं ट्रॅक्टरवाल्याचं समाधान झालं. माझं अजून व्हायचं आहे.

पूर्वी मी घरापासून जरा लांब होतो, तोवर निभावलं. मग खुशालरावांच्या मुलाचं, मनोजचं लग्न ठरलं आणि घराच्या मागच्या अंगाला स्लॅबची खोली निघाली. तिची खिडकी नेमकी माझ्या तोंडावर उघडते. बांधकामात निंब गेला. दोरीचं दुसरं टोकही मग माझ्याच एका बांबूला बांधलं गेलं. आता बाळाचे कपडे खोळींच्या मधोमध वाळायला लागले. बदललेलं सगळं डोळ्यांसमोर होतं, पण नियम तोच होता, म्हणून कुणी बघितलं नाही.

मनोजची बायको मंजुषा अकोल्याच्या जुन्या शहरातली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. तिकडे असेपर्यंत बाळाच्या अंगावर डाग नव्हता. दसऱ्याच्या सुमारास मंजुषा लेकीला घेऊन इथं आली, तिला त्या खिडकीच्या खोलीत बाज टाकून दिली आणि सासूनं, पार्बताबाईंनी, बाळाचं पहिलं धुणं हळदीकुंकू लावून माझ्या दोरीवर टाकलं.

आठवडाही लोटला नाही, तो बाळाच्या मानेवर, काखेत, पाठीवर पुरळ उठलं. बाळ मुठीनं डोळे चोळायचं आणि दिवसभर किरकिर करायचं. मंजुषाही मनगटं खाजवत बसायची. त्याच सुमारास खुशालरावांची मोठी बहीण गोदाबाई दिवाळीसाठी धामणगाव रेल्वे या गावाहून माहेरी आली. तिचा शब्द या घरात खाली पडत नाही. तिनं बाळाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि निदान केलं.

"दुधात उष्णता हाये. शहरातली पोट्टी. जन्मभर चाट अन् चिवडा खाल्लेला, तो आता निंगून राहिला."

मंजुषाचं तिखट बंद झालं. मग वरणाची फोडणी बंद झाली. मग वरणही बंद झालं. ती मऊ भात आणि बिनमिठाची भाजी गिळत राहिली आणि बाळाचं पुरळ वाढत राहिलं. पथ्यानं काही होत नाही, तेव्हा पथ्यच चुकीचं होतं असं इथं कुणी म्हणत नाही. गोदाबाई म्हणाली, "भाऊबीज झाली का अंगावरचं दूध तोडा. डब्याचं सुरू करा." पार्बताबाईंनी मान डोलावली. मनोज म्हणाला, "आत्या म्हणते तर पाहू."

त्या दुपारी मंजुषा दोरीवरचं धुणं काढायला आली. कपडे खांद्यावर घेतले आणि मला टेकून उभी राहिली. दुधानं तिच्या पोलक्याचा पुढचा भाग भिजला होता. माझ्या अंगावर डोकं ठेवून ती रडत होती आणि माझी लव तिच्या पदरावर पडत होती. मला हलता येत नाही. बाजूला सरकता आलं असतं, तर त्या दिवशी सरकलो असतो.

दोन दिवसांनी रागिणी आली. मनोजची ही धाकटी बहीण अमरावतीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. पोरीचा आवाज मोठा आणि धीर कमी. तिला दिवाळीची झाडझूड दिली. माझ्या बुडाशी साचलेल्या खोळी तिनं बाह्या वर सारून गोळा केल्या, कवेत घेऊन उकिरड्यावर नेल्या आणि तासाभरात दोन्ही हात लाल होऊन बसली. ती तशीच खोलीत गेली, बाळाला उचलून अंगणात उजेडात आणलं आणि आईला हाक मारली.

"माय, हे माह्या हातावरचं पाह्य. अन् हे लेकराच्या मानेवरचं पाह्य."

पार्बताबाईंनी पाहिलं. "तुले कूस लागली. धुऊन टाक."

"मले कूस लागली, अन् लेकराले उष्णता?"

"तू बेटात गेलती. लेकरू थोडीच बेटात गेलं?"

"लेकरू नाही जात. त्याचं झबलं रोज जाते."

ओट्यावर बसलेल्या खुशालरावांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "तुले याच दोरीवरच्या कपड्यात वाढवलं. मेली का तू?"

"मेली नाही बाबा. पण तवा माह्या अंगावर काय उठलं होतं, ते मायले इचारा."

पार्बताबाई घाईनं चुलीकडे निघून गेल्या. त्यांना आठवत होतं. मलाही आठवतं. तेव्हा देवीचं म्हणून पोरीच्या अंथरुणात निंबाचा पाला घातला होता आणि पावसाची पुन्हा झड लागून माझी लव बसली, तेव्हा देवी पावली म्हणून नारळ फोडला होता.

नुसत्या संशयावर रागिणीनं भांडण सुरू केलं नाही, हे मला आवडलं. हातांची लाली उतरल्यावर तिनं एक जुनी ओढणी धुऊन तिचे दोन तुकडे केले. एक माझ्या दोरीवर वाळवला, दुसरा स्लॅबवर. दोन्ही हातांना एकेक बांधून ती दिवसभर कामं करत राहिली. संध्याकाळी माझ्या दोरीवरचा तुकडा बांधलेला हात लाल झाला होता. संख्याशास्त्रवाल्यांना एकदा झालेलं पुरत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हात बदलले. दुसरा हातही लाल झाला.

मग दिवाळीच्या खरेदीचं निमित्त काढून ती मंजुषाला आणि बाळाला घेऊन अकोटच्या डॉक्टरांकडे गेली. परतल्यावर माझ्याशेजारी उभी राहून तिनं भावाला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, या लवेमुळे असं होऊ शकतं. खात्रीनं आजच सांगत नाही. कपडे दुसरीकडे वाळवा, खिडकी बंद ठेवा, काही दिवस पाहा. आणि आईचं दूध काही झालं तरी तोडू नका.

मनोज म्हणाला, "म्हणजे नक्की तर नाही ना."

"दादा, उष्णता नक्की हाये असं कोणत्या डाक्टरनं सांगितलं?"

"आत्यानं पाहिलं ना."

"आत्यानं वहिनीले पाहिलं. लेकराले कोणं पाहिलं?"

मनोज म्हणाला, "मी मधात नाही पडत. बाबाले काही सांगू नको म्हणजे झालं." न पडण्यातच त्याचं सगळं पौरुष संपलं.

तेव्हापासून बाळाचे कपडे पुन्हा धुऊन घराच्या पुढच्या अंगाला, स्लॅबच्या पार टोकाला वाळू लागले. खिडकीला आतून चादर लागली, थंडी पडली असं सांगून. माझी दोरी रिकामी दिसू नये म्हणून रागिणीनं तिच्यावर मनोजची बनियानं टांगली. लांबून पाहणाऱ्याला पांढरं काहीतरी दिसायचं आणि तेवढ्यानं घरातल्या मोठ्यांचं भागायचं. दोन दिवसांत मनोज दाराच्या चौकटीला पाठ घासताना दिसू लागला. आईनं विचारलं तर म्हणाला, "घामोळं आलं." चौथ्या दिवशी तो एकटाच माझ्याजवळ आला. दोरीवरचं बनियान त्यानं उन्हाकडे धरून पाहिलं, झटकलं, पुन्हा पाहिलं. मग सगळी बनियानं काढून मुकाट्यानं जिना चढून वर गेला.

दिवाळीचे दिवे लागून गेले. बाळाची मान स्वच्छ झाली. काखेतला लालसर पट्टा तेवढा राहिला. बाळ दुपारभर झोपू लागलं.

भाऊबीजेच्या सकाळी मागच्या ओट्यावर सगळी बसली होती. मी समोरच होतो, म्हणून मला एकेक शब्द ऐकू आला. गोदाबाईनं बाळाला मांडीवर घेतलं होतं. तिच्याशेजारी दूध पावडरीचा नवा डबा होता.

"पाह्यलं का?" ती खुशालरावांना म्हणाली. "पथ्यानं फरक पडला. आता दूध तोडलं का राह्यलेलं बी जाते."

खुशालराव म्हणाले, "तुले समजते म्हणून तर तुले इचारतो बाई."

मंजुषा दारात उभी होती. रागिणी ओट्याखाली भांडी घासत होती. हात तसेच राखेनं भरलेले ठेवून ती उठली.

"आत्या, कोणतं पथ्य?"

"तिखट बंद केलं ते. फोडणी बंद केली ते."

"वहिनी धनत्रयोदशीच्या आधीपासून ठेचा अन् भाकर खाऊन राहिली. लसणाचा ठेचा. मीच देऊन राहिली तिले."

गोदाबाईनं बाळावरची नजर काढून मंजुषाकडे वळवली. मंजुषानं खाली पाहिलं, मग हळूच मान वर केली आणि म्हणाली, "हो आत्या. वरणही खाते. फोडणीचं."

"अन् लेकराचे कपडे?" खुशालरावांच्या आवाजात धार आली. माझ्या दोरीकडे त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"स्लॅबवर वाळून राह्यले," रागिणी म्हणाली. "बाबा, खाणं तेच, दूध तेच, लेकरू तेच. कपडे हलवले अन् खिडकी लावली, बाकी काही नाही. मी असं नाही म्हणत का मले सगळंच कळते. डाक्टर बी म्हणे, असू शकते. पण या शकतेवर लेकराची मान साफ झाली. तुमच्या नक्कीवर त्याचं दूध तुटून राह्यलं होतं."

"लय शिकली तू," खुशालराव म्हणाले.

"तुमीच पाठवलं शिकाले."

पार्बताबाई मधे पडल्या. "जाऊ द्या ना. आजच्या दिवशी काहून."

मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो. खुशालराव, माझ्यावर एवढी माया असेल तर माझ्या अंगावरची दोरी सोडा. खिडकीच्या बाजूचे बांबू काढा. वाळलेले तर आधी काढा, माझा श्वास मोकळा होईल आणि तुमची कारलीही माझ्या अंगावर चढतील. खोळी गोळा करताना तोंडाला फडकं बांधा, बाह्या खाली ओढा, आणि त्या अंगणात पसरू देऊ नका. मला उपटा असं मी म्हणत नाही. इथं एवढी वर्षं उभा आहे, अजून उभं राहायचं आहे. पण बाळाच्या किरकिरीवर आणि एका बाईच्या अन्नावर मला उभं राहायचं नाही. जानरावांनी मला आणलं ते मुलं जगावीत म्हणून. तोच माणूस आज इथं असता, तर पहिला कोयता त्यानं घातला असता.

माझं ऐकायला कुणी नव्हतं, पण ओट्यावर काहीतरी सैल झालं होतं. खुशालराव म्हणाले, "बरं. कपडे वरतेच वाळू द्या. खिडकी लावून घ्या."

इतक्यात गोदाबाईनं बाळाच्या दुपट्याखालून एक झबलं बाहेर काढलं. नवं होतं, भाऊबीजेला तिनंच आणलेलं, कडेला जर लावलेलं. तिच्या आवाजातला ताठा गेला होता. ती जवळजवळ विनवणीच करत होती.

"पोट्टे, सगळे कपडे वरते टाक, मी काही म्हणत नाही. हे एक तेवढं बेटावर टांग. शास्त्रापुरतं. घडीभर. मंग काढून घे."

"हो वं," पार्बताबाई म्हणाल्या. "शास्त्रापुरतं."

खुशालरावांनीही मान डोलावली. तिघांच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण होती. या घरातली सगळी भांडणं अशीच मिटत आली आहेत. दोघांचंही थोडं थोडं राहतं आणि पुढच्या पिढीला सगळं जसंच्या तसं मिळतं.

रागिणीनं हात धुतले, ओढणीला पुसले आणि आत्याच्या हातातून झबलं घेतलं. ते माझ्याकडे आणलं नाही. नीट घडी घातली आणि मंजुषाच्या हातात दिलं.

"नाही आत्या. घडीभर बी नाही. शास्त्रापुरतं बी नाही. एक टांगलं का पुढच्या लेकराच्या टायमाले सगळे टांगसान, अन् तवा मी इथं नसन."

"मी सांगून राह्यलो तरी नाही?" खुशालरावांनी विचारलं.

"तुमी सांगून राह्यले तरी नाही, बाबा."

तिचा आवाज या वेळी मोठा नव्हता. गोदाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. पार्बताबाईंनी डबा उचलला, तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना, तसाच हातात धरून बसल्या.

मंजुषा पुढं आली. आत्याच्या मांडीवरून तिनं लेकीला उचललं आणि आत न जाता तिथंच ओट्याच्या कडेला बसून पदराखाली घेतलं. बाळाच्या दूध पिण्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.